माळ्यावरचा भोपळा



आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे, तो ऐकतांच आपणांपैकीं कांहींजण रेडिओचा कान पिळतील, याची मला कल्पना आहे. विषय आहे तांबडा भोपळा. परीक्षेंत शून्य मिळालें तर 'भोपळा मिळाला', समजूत खोटी ठरली तर 'भ्रमाचा भोपळा फुटला', आणि दोन माणसांचें पटत नसलें तर 'विळ्याभोपळ्याचें सख्य'. आपल्या भाषेनें या फळाचें नांव चांगल्या अर्थानें कोठें घेतलेलें मला तरी आठवत नाहीं. घरांतही त्याचें स्थान वर्षांतून दोनचार वेळां घारग्यांपुरतें, एखाद्या उपासाच्या दिवशीं भरितापुरतें, आणि एरवीं 'आज पुन्हां भोपळाच का?' या प्रश्नापुरतें. अशा या भोपळ्याच्या लांबट कांड्या कापून त्या भट्टींत, म्हणजे आपल्या ओव्हनमध्यें, खमंग कशा भाजाव्या, हें मी आज सांगणार आहे. परंतु ही कृति मला कां शोधावी लागली, तें आधीं सांगितलें पाहिजे.

माझी एक आत्या भोर आणि वेल्हें या दोन तालुक्यांच्या शिवेवर एका लहानशा वाडींत राहते. वेल्हें तालुक्याचें नांव अलीकडे सरकारी दफ्तरीं 'राजगड' असें झालें आहे. पण आत्याच्या तोंडीं अजून वेल्हेंच आहे, आणि म्हणून माझ्याही. तिच्या अंगणांत उभें राहिलें कीं एका अंगाला राजगड आणि त्याच्या पलीकडे तोरणा दिसतो. सखल भागांत भाताचीं खाचरें, चढावर नाचणी, वरी आणि कारळे, असा तो मुलूख. पाऊस इतका कीं आषाढांत चारचार दिवस सूर्याचें दर्शन घडत नाहीं. मृग लागला कीं आत्या गोठ्याच्या भिंतीशीं, शेणखताच्या कडेला, भोपळ्याच्या चारदोन बिया टोचते. श्रावण संपेपर्यंत वेल गोठ्याच्या छपरावर पसरतो आणि त्याचीं मोठालीं पिवळीं फुलें दिसूं लागतात. हीं फुलें पहाटे उमलतात आणि ऊन चढलें कीं मिटतात. नर फुलें वेगळीं, मादी फुलें वेगळीं. मधमाशीनें एकाचा पराग दुसऱ्यावर नेला तरच फळ धरतें. संततधार लागली कीं मधमाशी बाहेर पडत नाहीं, आणि इवलेसे भोपळे पिवळे पडून गळून जातात. तेव्हां छपरावर जे सातआठ भोपळे अखेर टिकतात, ते कांहीं फुकटचे नसतात.

दिवाळीनंतर वेल वाळला, देठ लाकडासारखा टणक झाला आणि सालींत नख रुतेनासें झालें, म्हणजे आत्या भोपळे उतरविते. देठ चार बोटें राखून कापते, कारण देठ मुळापासून तुटला तर त्याच जागेंतून कुजणें सुरू होतें. मग आठपंधरा दिवस उन्हांत ठेवून ते माळ्यावर भाताच्या पेंढ्यावर मांडावयाचे, एकाला दुसरा टेकणार नाहीं असे. याप्रमाणें ठेवलेला भोपळा चैत्रापर्यंत खुशाल राहतो. त्याला शीतपेटी लागत नाहीं कीं वीज लागत नाहीं.

भोर-वेल्ह्याचीं कितीतरी माणसें पोटापाठीं पुण्या-मुंबईस येऊन राहिलीं आहेत. त्यांच्या घरीं हंगामाला गांवाहून तांदळाची गोणी येते, नाचणी येते, आणि गोणीच्या तोंडाशीं एखादा भोपळा असतो. आमच्याकडेही तो दरवर्षीं येत असे. लहानपणच्या गोष्टींतली म्हातारी भोपळ्यांत बसून लेकीच्या घरून परत येते. आमच्याकडे भोपळाच म्हातारीच्या मांडीवर बसून यावयाचा. वेल्ह्याहून निघालेली एस. टी. विंझर, मार्गासनी, नसरापूर करीत स्वारगेटला पोंचे, तोंपर्यंत चारपांच किलोचें तें ओझें आत्याच्या मांडीवर असे. खालीं ठेवलें तर गचक्यांनीं देठ मोडेल, ही तिची भीति.

आणि या भोपळ्याचें आम्हीं काय केलें? तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भोपळा आला, त्याचें कौतुक झालें, आणि तो स्वयंपाकघरांत मोरीजवळच्या कोपऱ्यांत ठेवला गेला. आज करूं, उद्यां करूं, असें म्हणतां म्हणतां माघ उजाडला. भोपळ्याची भाजी पानांत पाहिली कीं मुलें तोंड फिरवितात, यजमान कांहीं बोलत नाहींत पण दुसऱ्यांदा वाढूंही देत नाहींत, आणि एकटीसाठीं पांच किलोचा भोपळा फोडण्याचा मला कंटाळा. एके दिवशीं वास आला म्हणून पाहिलें, तों तळ मऊ पडून पाणी सुटलेलें. मीं तो ओल्या कचऱ्याच्या बादलींत टाकला. दुर्दैव असें कीं त्याच दुपारीं आत्या डोळे तपासून घेण्यासाठीं अचानक पुण्यास आली, आणि बादली जिन्याशींच होती. देठावरून तिनें आपला भोपळा ओळखला. ती रागावली नाहीं. चहा घेतला, मुलांची चौकशी केली, आणि निघतांना चपला घालतां घालतां म्हणाली, "घरांत कुणी खात न्हाय तर तसं सांगायचं हुतंस, बाय. दारांत म्हस हाय माझ्या."

पुढच्या हंगामांत भोपळा आला नाहीं. पौष लागला तरी आला नाहीं, तेव्हां मीं स्वतः वाडीवर जाऊन तो मागून आणला. आत्यानें माळ्यावरचा सर्वांत लहान काढून दिला. मोठा मागण्याचें धाडस मला झालें नाहीं. हा एक तरी पुरता खाल्ला गेला पाहिजे, अशी मनाशीं गांठ बांधून मी घरीं परतलें.

मुलांना हवे असतात ते बटाट्याचे तळलेले लांबट काप, ज्यांना तीं 'फ्राइज' म्हणतात. तेव्हां त्याच आकाराच्या भोपळ्याच्या कांड्या कराव्या आणि तेलांत बुडविण्याऐवजीं भट्टींत भाजाव्या, असा बेत केला. बटाटा आणि तांबडा भोपळा हे तसे एकाच गांवचे पाहुणे. दोघेही मूळचे अमेरिका खंडांतले. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतांतल्या एका गुहेंत भोपळ्याच्या कुळांतल्या सुमारें १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सांपडल्या आहेत. १४९२ सालीं कोलंबस त्या बाजूच्या बेटांना लागल्यानंतरच ही मंडळी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. 'बटाटा' हा शब्द तर आपण पोर्तुगीजांकडून जशाचा तसा घेतला. दुध्या भोपळा मात्र निराळा, तो आपल्या देशांत त्याच्या फार पूर्वींपासून आहे. गंमत अशी कीं परदेशांतून आलेले हे दोघेही आज कित्येक घरांत उपासाला चालतात, आणि इथलें वांगें चालत नाहीं. हें गणित मला कधींच सुटलें नाहीं.

पहिला प्रयोग साफ फसला. बटाट्याप्रमाणेंच काप केले, तेल-मीठ चोळलें, थाळा भरून भट्टींत सारला आणि अर्ध्या तासानें उघडला. आंत कांड्या नव्हत्याच. हातांत धरली तर दोन्ही टोकें खालीं लोंबतील, अशी कांहीं केशरी रंगाची लिबलिबित वस्तु होती. थोरल्या चिरंजीवांनीं "आईला भोपळा मिळाला" असा निकाल जाहीर केला.

दोष माझाच होता. भोपळ्याला मी बटाटा समजलें होतें. बटाट्यांत १०० भागांत सुमारें ८० भाग पाणी असतें, आणि उरलेल्यांत बहुतेक पिष्ट, म्हणजे स्टार्च. उष्णतेनें हें पिष्ट फुगतें, घट्ट होतें आणि कापाला आंतून आधार देतें. भोपळ्यांत पाणी ९० भागांच्याही वर, आणि पिष्ट फारच थोडें. जें असतें त्याचीही माळ्यावर पडल्या पडल्या हळूहळू साखर होत जाते. म्हणूनच फाल्गुनांतला भोपळा मार्गशीर्षांतल्यापेक्षां गोड लागतो. घारग्यांना तो जुना भोपळा उत्तम, कांड्यांना मात्र नवा आणि घट्ट गराचा. दुसरी गोष्ट अशी कीं, पृष्ठभागावरचें पाणी निघून गेल्याखेरीज तेथील उष्णता पाण्याच्या उकळण्याच्या अंशावर, म्हणजे १०० वर, चढत नाहीं. आणि खमंग तांबूस रंग येण्यास त्याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. थाळ्यांत कांड्या दाटीनें भरल्या कीं एकीची वाफ दुसरीला उकडते. मीं भोपळा भाजला नव्हता, बंद पेटींत उकडला होता. तेव्हां सगळी युक्ति काय ती एवढीच: पाणी आधीं काढावयाचें, उरलेल्याला जाण्यास वाट ठेवावयाची, आणि जें पिष्ट भोपळ्यांत नाहीं तें बाहेरून लावावयाचें.

बाजारांतून फोड घेणार असाल तर गर जाड, गडद केशरी आणि कोरडा पहावा. बियांजवळचे तंतू पाणचट व सुटलेले दिसले तर ती फोड भाजीची. सबंध भोपळा आकाराच्या मानानें जड असावा. फोडणें हें खरें संकट. विळ्याभोपळ्याचें सख्य म्हणजे काय, हें पिकला भोपळा विळीवर चिरून पाहिल्यावांचून कळत नाहीं. पातें सालींत रुतून बसतें आणि जोर केला कीं भोपळा तरी निसटतो नाहींतर हात. कित्येक घरांत सबंध भोपळ्याला पहिली चीर पुरुषानें द्यावी असा रिवाज आहे. त्याचें कारण कोणी कांहींही सांगो, रिवाज सोईचा आहे, आणि आमच्याकडे तो मीं कटाक्षानें चालू ठेवला आहे. खालीं ओलें फडकें घालून, मोठ्या सुरीनें देठाच्या बाजूनें दोन उभ्या फांकी कराव्या. मग त्या पालथ्या घातल्या म्हणजे हलत नाहींत.

आतां कृति. बिया काढून (त्या फेंकूं नका, त्यांच्याविषयीं पुढें सांगणार आहें) साल तासलेला अर्धा किलो गर घ्यावा. त्याच्या बोटाएवढ्या लांब आणि सुमारें एक सेंटिमीटर जाड अशा कांड्या कापाव्या. सर्वांची जाडी सारखी असावी, नाहींतर बारीक कांडी करपते तेव्हां जाड कांडी कच्चीच असते. त्यांना लहान चमचाभर मीठ चोळून चाळणींत वीसपंचवीस मिनिटें ठेवावें. मीठ पाणी ओढून काढतें. खालच्या ताटलींत किती पाणी सांठतें, तें पाहून पहिल्या वेळीं मला आश्चर्य वाटलें. मग कोरड्या पंचावर पसरून, वरून दुसरा पंचा दाबून, त्या अगदीं टिपून घ्याव्या. यानंतर पुन्हां मीठ घालावयाचें नाहीं.

टिपलेल्या कांड्यांवर दोन मोठे चमचे तांदळाचें पीठ भुरभुरून हलक्या हातानें घोळावें. मी आंबेमोहोराच्या कणीचें पीठ वापरतें. भोर-वेल्ह्याकडचा हा तांदूळ वासासाठीं प्रसिद्ध, आणि त्याची कणी तांदळापेक्षां स्वस्त. उपासासाठीं करावयाच्या असतील तर वरईचें किंवा शिंगाड्याचें पीठ चालतें. कांडीवर धुरळा बसल्यासारखा दिसावा, इतकेंच पीठ. त्याचा लगदा होऊं लागला तर टिपण्यांत कसूर झाली असें समजावें. त्यानंतर दीड मोठा चमचा तेल. हा क्रम उलटा करूं नये, कारण आधीं तेल लावलें तर पीठ जागोजाग गोळा होतें. तिखट, हळद, जिऱ्याची पूड पिठांतच मिसळावी. लसूण मात्र आधीं घालूं नये, तो करपून कडू होतो.

भट्टी २२० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावी, आणि थाळा आंत ठेवूनच तापवावा. तापल्या थाळ्यावर कांड्या एकेरी थरांत, मध्यें बोटभर अंतर राखून मांडाव्या. अर्ध्या किलोला दोन थाळे लागतात. एकांतच कोंबण्याचा मोह होतो, तो आवरावा. माझा सगळा पूर्वेतिहास त्याच मोहाचा आहे. पंधरा मिनिटांनीं कांड्या उलटाव्या आणि आणखी दहाबारा मिनिटें ठेवाव्या. यांतलीं शेवटचीं पांच मिनिटें भट्टीपासून हलूं नये. भोपळ्यांतली साखर तांबूस होण्यांत आणि काळी पडण्यांत फार अंतर नसतें. टेलिफोन वाजला तर वाजूं द्यावा. कडा तपकिरी झाल्या कीं भट्टी बंद करून दार किंचित उघडें ठेवावें आणि पांच मिनिटें त्या आंतच राहूं द्याव्या, म्हणजे उरलीसुरली वाफ निघून जाते.

तळलेल्या बटाट्याचा कुरकुरीतपणा यांना येत नाहीं, हें स्पष्ट सांगून टाकतें. वर पातळ खरपूस पापुद्रा आणि आंत मऊ, गोडसर गर, असा हा पदार्थ आहे, आणि दहा मिनिटांनीं तोही मऊ पडूं लागतो. म्हणून पानें मांडून झाल्यावरच भट्टींतून काढावा. जी सुगरण 'अगदीं बटाट्यासारखेंच लागतें' म्हणून मुलांना वाढते, ती त्यांना फसवूं पाहते. आणि मुलें फसत नाहींत. मीं आमच्या घरीं 'भोपळ्याच्या कांड्या' असेंच सांगितलें. पहिल्या दिवशीं धाकटीनें दोन खाल्ल्या, थोरल्यानें एकही नाहीं. तिसऱ्या खेपेला थाळा रिकामा झाला.

ज्यांच्याकडे भट्टी नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. गरम हवेच्या झोतावर चालणारी 'एअर फ्रायर' नांवाची पेटी अलीकडे पुष्कळ घरांत आली आहे. तींत या कांड्या थोड्या लवकर होतात, परंतु ती लहान असल्यामुळें तीनचार खेपा कराव्या लागतात. जाड लोखंडी तव्यावर, झांकण न घालतां, मंद आंचेवर उलटसुलट केल्या तरीही जमतें, मात्र राखण अधिक. आमच्या आजीच्या वेळीं घरोघर ओव्हन कोठें होते? पातेल्यांत वाळू तापवून आणि झांकणावर निखारे ठेवून तेव्हां केक होत असे, आणि दिवाळींत नानकटाई बेकरीच्या भट्टींतून भाजून आणीत. आत्याला विचाराल तर ती म्हणेल, भोपळ्याची फोड सालीसकट चुलीच्या निखाऱ्यांत पुरा आणि राख झटकून खा. तीही भट्टीच.

या केशरी रंगाविषयीं दोन शब्द. तो रंग कॅरोटीन या द्रव्याचा. १८३१ सालीं वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञानें तें गाजरांतून वेगळें काढलें, आणि जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९३० च्या सुमारास, केंब्रिज येथें थॉमस मूर यांनीं उंदरांवर प्रयोग करून शरीरांत त्याचें 'अ' जीवनसत्त्व बनतें असें दाखविलें. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावीं रातांधळेपणा येतो, हें सर्वांस ठाऊक आहे. कॅरोटीन पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्ध पदार्थांत विरघळतें; तेव्हां वर सांगितलेलें तेल केवळ चवीसाठीं नाहीं, त्याच्या साहाय्यानें हें द्रव्य अंगीं अधिक लागतें. मधुमेहाचें पथ्य असणारांनीं भोपळ्याची गोडी हिशेबांत धरावी.

दोन वर्षें मीच जाऊन भोपळा आणीत होतें. गेल्या संक्रांतीच्या सुमारास आत्या आपण होऊन घरीं आली. हातांत भोपळा नव्हता. मीं कांहीं न बोलतां तिच्यापुढें बशींत कांड्या ठेवल्या, आणि शेजारीं तिनेंच दिलेल्या कारळ्यांची चटणी दह्यांत कालवून ठेवली. धाकटी तिच्या मांडीला टेकून तिच्याच बशींतल्या कांड्या उचलीत होती. आत्यानें एक तोंडांत घातली, दुसरी उजेडांत धरून पाहिली, "भोपळा व्हय ह्यो?" म्हणून विचारलें, आणि मग मीठ कमी असल्याचें सांगितलें. चौथ्या कांडीनंतर तिनें बिया कोठें आहेत याची चौकशी केली.

बिया मीं धुऊन, वाळवून डबींत भरल्या होत्या. त्या तेल-मिठांत घोळून १६० अंशांवर दहाबारा मिनिटें भाजल्या म्हणजे खमंग लागतात, आणि मुलांसाठीं माझा तोच बेत होता. आत्यानें डबी आपल्याकडे ओढली. बोटांनीं चिवडून जाड, भरीव अशा बिया तिनें वेगळ्या काढल्या, पोकळ तेवढ्या माझ्याकडे सरकविल्या. "ह्या भाज," म्हणाली. निवडलेल्या बिया राखेंत घोळून ठेवल्या म्हणजे मृगापर्यंत त्यांना कीड लागत नाहीं. पण आमच्या घरीं राख कोठून असणार? तेव्हां त्या तिनें तशाच पदराच्या गांठींत बांधल्या. शेजारच्या वेलाचा पराग लागला तर येणारें फळ याच जातीचें निघेल असें नाहीं, हें मीं पुस्तकांत वाचलेलें तिला सांगितलें.

"निघंल तसं निघंल," ती म्हणाली, आणि जिना उतरतां उतरतां मध्येंच थांबून वर पाहत तिनें विचारलें, "म्होरल्या साली एक आणू का दोन?"